पूर्ण मदत

१२ ऑक्टोबर

ही वही लेकीची. पहिल्या सात पानांवर तिचा भूगोल आहे, आठव्यापासून मी. लिहायचं कारण एवढंच की घरात बोलायला माणूस उरलेलं नाही. ह्यांना काही सांगावं तर "तुझं आपलं काहीतरीच" म्हणून मोबाइल उचलतात. लेकीला सांगावं तर ती तिच्या काकूच्या पार्टीतली. आणि मला बोलायचं आहे ते नेमकं काकूबद्दल.

तर झालंय असं. हे आणि भावोजी ज्या कारखान्यात आहेत तो जानेवारीअखेर बंद होतोय. दोघा भावांचे व्हिसा कारखान्याच्या नावावर आणि आम्हा बायकांचे त्यांच्या शेपटाला बांधलेले. म्हणजे एकतीस जानेवारीला दोन्ही बिऱ्हाडं गाशा गुंडाळून परत. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडून. आज आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, आम्हा दोघी जावांना खोलीत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "शाळा एका मदतनिसाचा व्हिसा स्वतःच्या नावावर काढून देऊ शकते. एकीचाच. ठकीच्या पूर्ण वेळ मदतनिसाचं पद मंजूर झालं तर." जिला पद मिळेल तिचा नवरा, तिची मुलं इथे राहणार. दुसरीने बॅगा भरायच्या.

ठकी आमच्या विशेष शाळेतली नऊ वर्षांची मुलगी. बोलत नाही. खरं नाव वेगळं आहे, पण ठेंगणी, गोल, कपाळावर सरळ कापलेले केस, जुन्या लाकडी बाहुलीसारखी, म्हणून मी ठकी म्हणायला लागले. मग धाकटीनेही, म्हणजे माझ्या जावेनेही, तेच उचललं. माझं सगळंच उचलते ती. सकाळी ठकी माझ्याकडे, जेवणानंतर धाकटीकडे. मी या कामात सहा वर्षं आहे, धाकटी सव्वा वर्ष. आणि तिला या शाळेत चिकटवलं कुणी? मीच. "माझी जाऊ फार मायाळू आहे हो," असं मोठ्या बाईंना मीच सांगून आले होते. तेव्हा घसा बसला असता तर किती बरं झालं असतं.

घरी येताना धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हालाच मिळायला हवं. सहा वर्षं काढलीत तुम्ही."

असं गोड बोलणारी माणसं मी चांगली ओळखून आहे.

१५ ऑक्टोबर

ठकीच्या कमरेला एक कडी असते, तिच्यात चित्रांची कार्डं. पाणी, संडास, झोपाळा, नको, आणि आम्हा माणसांचे फोटो. जे हवं ते कार्ड ती ओढून समोरच्याच्या हातात देते. आज कार्डं पुसायला काढली. धाकटीच्या फोटोचे चारी कोपरे झिजलेत, प्लास्टिक सुटलंय, नाकावर दाताचा ठसा. माझं कार्ड दुकानातून आत्ता आणल्यासारखं करकरीत.

मी सकाळभर समोरच असते, मला मागायची गरज काय पडते, असं मनाला समजावलं. मनाला पटलं नाही. दोन वर्षं त्या पोरीचं नाक पुसलंय मी.

घरी आले तर लेक धाकटीच्या मांडीवर पाय टाकून बसलेली आणि दोघी कशावर तरी खिदळत होत्या. मी विचारलं काय झालं, तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही." भांडी मीच घासली. आवाज करून घासली.

२३ ऑक्टोबर

आज वर्गात धाकटीचा जयजयकार. कशाबद्दल, तर ठकीने जाकिटाची चेन अर्ध्यापासून वर स्वतः ओढली.

हे शेवटून शिकवणं म्हणजे काय, ते लिहून ठेवते. सुरुवात मुलाला द्यायची नाही, शेवट द्यायचा. चेन खाली अडकवायची आपण, वर आणायची आपण, फक्त शेवटची दोन बोटं मुलाने ओढायची. ओढलं की काम त्याने पुरं केलं, आनंद त्याचा. मग चार बोटं. मग अर्धी. असं करत करत आपला हात खाली खाली सरकतो आणि एक दिवस निघून जातो. धाकटीला हे कुणी शिकवलं? मीच, आमच्या स्वयंपाकघरात, ह्यांच्या स्वेटरवर. हे मधे पुतळ्यासारखे उभे होते आणि म्हणत होते, "मला जेवायला कधी मिळणार?"

शिकवलं मी आणि टाळ्या तिला. माझ्याकडे दोन वर्षांत ठकीने चेनीला हात लावला नव्हता. धाकटीने चेनीच्या टोकाला किल्लीची कडी अडकवली आहे, बोट घालायला सोपी जावी म्हणून. एवढंच केलं. एवढंसं मलाही सुचलं असतं.

वर्गबाई म्हणाल्या, "बघा, तुमची जाऊ तुमचं नाव काढणार." मी हसले. पोटात असं दुखलं की विचारू नये.

२ नोव्हेंबर

सकाळच्या सुटीत मैदानात जायचं होतं. ठकी जाकीट घालून माझ्यासमोर आली. मी चेन खाली अडकवली. तिने चेनीच्या कडीत बोट घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता हात काढ.

मी नाही काढला. सर्रकन वरपर्यंत ओढून मोकळी झाले. ती बोट तसंच वाकडं धरून उभी राहिली, क्षणभर. मग झोपाळ्याकडे गेली.

थंडी फार होती म्हणून केलं. पोरीला सर्दी झाली असती. आमच्या शाळेत नियम आहे, तक्त्यात दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. चार रकाने: पूर्ण मदत, अर्धी मदत, नुसती खूण, स्वतः. मी खरं तेच लिहिलं, पूर्ण मदत. ही वही शाळेची नाही म्हणून इथे आणखी एक लिहिते. थंडी तितकीशी नव्हती.

९ नोव्हेंबर

रोज मीच ओढते आता. पहिले दोन-तीन दिवस ठकीने माझा हात ढकलला. काल नाही ढकलला. आज तिने दोन्ही हात बाजूला पसरले आणि मान वर करून उभी राहिली, मी केव्हा येते याची वाट बघत.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी कपडे वाळत घालत होतो. धाकटी म्हणाली, "ताई, एक विचारू? ठकी आठवडाभर चेन धरते आणि थांबते. आज तर धरलीच नाही. सकाळी तुमच्याकडे लावते का हो?"

"लावते की," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. परत कुठे घेता येतं?

ती टॉवेल हातात घेऊन उभीच राहिली. "मग माझंच काहीतरी चुकतंय. उद्या मी सुटीत थांबू? तुम्ही कसं करता ते दाखवाल मला?"

"तुला वर्ग सोडता येतो का मधे?" मी म्हटलं. "आणि चेहरा असा पाडू नकोस. होतं कधीकधी. अजून नवीन आहेस."

फार दिवसांनी बरं वाटलं. मग वाटलं, हे कसलं बरं वाटणं. पण वाटलं खरं.

१६ नोव्हेंबर

देवासारख्या धावून आल्या वर्गबाई. म्हणाल्या, पदाच्या कागदांना तीन महिन्यांचे तक्ते जोडायचे आहेत. ठकीला पूर्ण वेळ माणूस लागतं हे त्यांत दिसायला हवं. पद मंजूर करणाऱ्या कचेरीतून एक बाई स्वतः बघायलाही येणार.

"आणि तिला सगळं यायला लागलं तर?" मी विचारलं.

"तर चांगलंच की! मग पुढच्या वर्षी अर्धा दिवस पलीकडच्या साध्या शाळेत जाईल, तिच्या बहिणीच्या शाळेत. तिची आई कधीची मागे लागली आहे. त्यांची अट एवढीच, जाकीट-बूट आपले आपण घालता यावेत. फक्त मग तुमचं हे पद राहणार नाही."

म्हणजे माझं काही चुकलंच नव्हतं! उलट घर मीच सावरून धरलं होतं, नकळत. धाकटी मात्र त्या कडीने आम्हा सगळ्यांच्याच पायावर धोंडा पाडत होती. घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत होते, तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

१७ नोव्हेंबर

सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "अगं वेडे, पोरगी शिकली तर पदच जाईल. तुलाही नाही, मलाही नाही."

"माहितीये ताई. वर्गबाईंनी मला मागच्या महिन्यातच सांगितलं."

मी म्हटलं, "आणि तरी तू?"

"मग काय करू? तिला न करायला शिकवू?" असं म्हणाली आणि हसली, पण नेहमीसारखी नाही. "घरी परत जायचं म्हटलं की ह्यांना झोप येत नाही ताई. मलाही भीती वाटते. पण दुपारी ती समोर बोट घालून उभी राहिली की मला दुसरं काही सुचतच नाही बघा."

किती साळसूद! माझी खात्रीच झाली, हा सगळा देखावा आहे. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत भरायचं, त्यागमूर्ती म्हणून मिरवायचं, आणि आयत्या वेळी पद आपल्या पदरात पाडून घ्यायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ती तशीच आहे गं, सरळ." सरळ! घरात कुणालाच दिसत नाही, फक्त मला दिसतं.

२४ नोव्हेंबर

धाकटीने तक्ता बघितला.

माझा कागद आणि तिचा कागद एकाच फायलीत असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला "लावते की" म्हटलं होतं आणि माझ्या रकान्यात तर ओळीने पूर्ण मदत, पूर्ण मदत, पूर्ण मदत.

घरी आली, पाणी प्यायली, म्हणाली, "ताई, फाइल बघितली मी." एवढंच. मी उत्तर तयार ठेवलं होतं, थंडीचं, घाईचं, घंटा झाली होती त्याचं. तिने विचारलंच नाही. लेकीची वेणी घालायला बसली. लेक म्हणाली, "काकू, ओढू नको ना."

आता ही वर्गबाईंना सांगणार. सांगू दे.

१ डिसेंबर

सांगितलं नाही. आठवडा झाला. वर्गबाई माझ्याशी आहेत तशाच आहेत. न सांगण्यातही तिचा काही डाव असणार. चांगुलपणाचं ओझं घालून ठेवायचं डोक्यावर, म्हणजे समोरच्याने जन्मभर मान खाली घालावी. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर मी तिला चांगली म्हटलं असतं.

दुपारच्या तक्त्यात तिचे रकाने आता असे: अर्धी मदत, अर्धी मदत, पूर्ण मदत. तरी रोज दुपारी ती ठकीसमोर गुडघ्यांवर बसून वाट बघते. दारावरच्या बाई सांगत होत्या, शाळेची गाडी तिच्यापायी रोज पाच मिनिटं थांबते, चालक कुरकुरतो.

८ डिसेंबर

कचेरीतल्या बाई आल्या. उंच, सर्दी झालेल्या, हातात पाटीला अडकवलेला कागद. सुटीच्या वेळी आम्ही दोघी उभ्या. वर्गबाई म्हणाल्या, "ठकी, जाकीट."

ठकीने जाकीट घातलं. आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. धाकटी खाली बसली, चेन खाली अडकवली आणि हात मागे बांधले, तिची पद्धत तीच. ठकीने तिच्याकडे पाहिलं. मग चेनीकडे पाहिलं. कडीवर बोट ठेवलं. मी मनात जे म्हणत होते ते इथेही लिहिणार नाही.

मग ठकी वळली आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

मी खाली बसले, चेन हनुवटी सांभाळून वरपर्यंत नेली. तिने माझ्या गालाला हात लावला. कचेरीतल्या बाईंनी शिंकत शिंकत लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "मुलीला या बाईंची सवय आहे."

ऐकलंस ना, असं धाकटीला म्हणावंसं वाटलं. ती बाहेर मैदानात ठकीला झोका देत होती. पाठमोरी होती.

२० डिसेंबर

पत्र आलं. तीन वर्षांसाठी. माझं नाव, पूर्ण. खाली एक ओळ: दर तीन महिन्यांनी मुलीच्या गरजेचा आढावा घेण्यात येईल.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसला, मग तिसऱ्यांदा वाचलं. लेक दारात उभी. "म्हणजे आपण राहणार? आणि काकू?" तेवढ्यात धाकटी आली आणि तिने मला मिठी मारली. घट्ट मारली. म्हणाली, "बरं झालं ताई. पोरीचं वर्ष वाचलं."

तिच्या खांद्यावरून मला लेकीचं तोंड दिसत होतं. रडत होती ती. आनंदाने रडत नव्हती.

१२ जानेवारी

घरभर बॅगा. भावोजी वजनकाटा घेऊन प्रत्येक बॅगेवर उभे राहतात, मग बॅगेशिवाय उभे राहतात, मग वजाबाकी चुकतात. हे हसतात आणि मग दोघे भाऊ पुढची बॅग ओढतात. कालपासून हे माझ्याशी जास्त नीट बोलतात, पाहुण्यांशी बोलतात तसे.

लेक म्हणाली, "काकू जाणार तर मलाही नाही राहायचं इथे." मी म्हटलं, कुणासाठी केलं हे सगळं? ती म्हणाली, "काय केलंस?" मी म्हटलं, "काही नाही, जेव."

धाकटीच्या जागी मी जात असते तर लेक असं माझ्यासाठी म्हणाली असती का, हे मी दिवसभर मोजत होते. मोजून काय होणार. तरी मोजत होते.

२४ जानेवारी

धाकटीचा शाळेतला शेवटचा दिवस. मला वाटलं होतं, कधी एकदा उगवतो.

शाळा सुटताना मी मुद्दाम दाराशी गेले. निरोप कसा घेते ते बघायचं होतं. वर्गबाई आत होत्या. दाराशी आम्ही तिघीच, आणि बाकावर दारावरच्या बाई. धाकटीने ठकीला जाकीट दिलं. आणि रोजच्यासारखी गुडघ्यांवर बसली, हात मागे; आज चेन खाली अडकवूनही दिली नाही. गाडीने हॉर्न दिला. मी म्हटलं, "अगं लाव आता, आज तरी लाव. गाडी जाईल."

ती हलली नाही. ठकीकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी हात मागेच.

ठकीने जाकिटाची दोन्ही टोकं हातात घेतली. खालचा खिळा खाचेत घातला. निसटला. पुन्हा घातला. जीभ बाहेर काढून, मान मोडेपर्यंत वाकून. ते अडकवणं तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं, तिथपर्यंत धाकटी पोचलीच नव्हती. तिसऱ्यांदा बसला. मग कडीत बोट घालून तिने चेन हळूहळू वर नेली, हनुवटीपर्यंत, सबंध.

तिने ठकीच्या डोक्यावर डोकं टेकवलं. मग ठकी गाडीत जाऊन बसली, खिडकीपाशी.

म्हणजे येत होतं. पहिल्यापासून येत होतं, फक्त माझ्यासमोर करायचं नव्हतं. मला इतका राग आला की धाकटीचा हात धरून तिला उठवायचंही सुचलं नाही. दारावरच्या बाईंनीच उठवलं.

३० जानेवारी

काल ते दोघे गेले. विमानतळावरून आल्यापासून लेक खोलीत आहे. आज माझा पूर्ण वेळेचा पहिला दिवस.

सकाळी वर्गबाई पहिल्या आढाव्यासाठी सुरुवातीचा कागद घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "दारावरच्या बाई सांगत होत्या, त्या दिवशी ठकीने चेन खालपासून स्वतः लावली म्हणे. तुम्ही तिथेच होतात ना? खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे. तिच्या आईला मी आजच फोन करीन." त्यांचं पेन शेवटच्या, 'स्वतः'च्या रकान्यावर होतं.

आता कुणी म्हणेल की मला लेकीचं वर्ष आठवलं, ह्यांनी इथे शोधलेलं नवं काम आठवलं. तसं म्हणायला सोयीचं आहे. पण ही वही माझी आहे. लेक मला नंतर आठवली. आधी आठवलं ते धाकटीचं तसं गुडघ्यांवर बसणं. आणि मनात आलं, त्या रकान्यात खूण केली की ती खूण जन्मभर धाकटीच्या नावावर जाणार. विमानात बसून गेली आणि तरी इथे तीच.

"नाही हो," मी म्हटलं. "मीच लावली. त्यांना लांबून तसं दिसलं असेल."

"असं होय," वर्गबाई म्हणाल्या. मग पेन सरकवून पहिल्या, पूर्ण मदतीच्या रकान्यात खूण केली.

सुटीची घंटा झाली. ठकी जाकीट घालून आली. दाराकडे पाहिलं, दार बंद होतं. मग माझ्यासमोर येऊन तिने दोन्ही हात पसरले, मान वर केली आणि अगदी शांत उभी राहिली. मी चेन लावली. किती विश्वासाने उभी राहते पोरगी! धाकटीपुढे ती अशी कधीच उभी राहिली नाही.